ओटीतलं लेकरू सोडवायला

वाईहून निघताना शाळेतल्या मैत्रिणींनी बजावलं होतं, "दवाखान्यात पडायच्या आधी तिकडचं सगळं लिहून पाठव हं." त्यांच्या मनात राणीचा बाग आणि चौपाटी होती. त्यांची निराशा होणार आहे. मुंबई मी अजून पाहिलेलीच नाही. पाहिलं ते ठाणं, कल्याण आणि डोंबिवलीपलीकडचा खाडीकाठचा एक पाडा. आता ठाण्याला परत येऊन मामांच्या पडवीत बसून लिहिते आहे. भरती व्हायला अजून थोडे दिवस आहेत.

कारण थोडक्यात सांगते. माझ्या गळ्याला गाठ आली आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी ती कापायला मुंबईला पाठवायचं ठरवलं. मी लगेच हो म्हटलं आणि आईने लगेच नाही म्हटलं.

आईचं म्हणणं मला पाठ आहे. माझे वडील तेव्हा कल्याणला रेल्वेत होते. माझ्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली. मी झाले तेव्हा शेजारणीने सांगितलं, खाडीकाठी एक गावदेवी आहे, तिच्या ओटीत मूल घाला, जगेल. आमच्या देशावरही ही रीत आहे. पण तिथे असं मूल पुढे सूपभर धान्य देऊन सोडवून आणतात, म्हणजे ते पुन्हा आईचं होतं. आईने मला ओटीत घातलं. सोडवायच्या आधीच वडिलांची बदली झाली, मग वडीलच गेले, आणि सोडवणं राहिलं ते राहिलंच. "तू अजून तिची आहेस," आई म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू मी सुरीखाली कशी देऊ? आणि नेमकं तेव्हाच तिने आपलं म्हणून उचललं तर?"

मी मुलींना गणित शिकवते. उत्तर आधी ठरवून मग रीत जुळवणाऱ्या मुलींचा मला फार राग येतो, आणि आईचं सगळं तसंच होतं. पण ती दारात रडवेल्या तोंडाने उभी असताना टेबलावर जाऊन पडणं मला जमणारं नव्हतं. म्हटलं, चल, आधी सोडवून घेऊ. शिवाय, खरं सांगायचं तर, मला कुतूहलही होतं. देवाला शरण जा, देवाला शरण जा, असं लहानपणापासून ऐकत आले. जाऊन नक्की करायचं काय, ते मात्र कुणी फळ्यावर मांडून दाखवलं नव्हतं.

ठाणे

दादामामा म्हणजे आईचे मामेभाऊ. वकील आहेत. घर तलावापासून हाकेच्या अंतरावर, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर. मामींचा हात नारळाला इतका सैल, की आमच्याकडे एका सणाला लागेल तेवढा ओला नारळ त्या एका वेळच्या बिरड्यात घालतात. बिरडं म्हणजे सोललेल्या कडव्या वालांची उसळ. वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक करून सोलायचे. पहिल्या दिवशी सोलायला बसले तर माझे निम्मे वाल मोडले. मामी म्हणाल्या, "अगं, चिमटीत धर आणि सोडून दे, आपोआप सटकतो." आईने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आजकाल सोडून दे हे शब्द कुणी वालाबद्दल बोललं तरी तिला टोचतात.

मामांकडे दर गुरुवारी संध्याकाळी चारपाच पेन्शनर मंडळी जमतात आणि अध्यात्मावर बोलतात. आम्ही पोचलो त्या गुरुवारी योगायोगाने विषय शरणागतीचाच निघाला. योगायोग कसला, मामांनी मुद्दामच काढला असावा. मामा कोर्टातल्यासारखे उभे राहून बोलतात.

"शरणागतीचे दोन पंथ," ते म्हणाले. "एक माकडाचा, एक मांजराचा. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलते. पहिल्यात भक्ताची पकड हवी, दुसऱ्यात नुसतं स्वस्थ राहायचं. आता बोला, तुम्ही कोणते?"

मंडळींत माकडं आणि मांजरं अशी वाटणी सुरू झाली. एक निवृत्त मामलेदार माकडाच्या बाजूने एवढे तावातावाने बोलले की मला हसू आवरेना. मी विचारलं, "मामा, पण आपण मांजर-पंथाचे आहोत असं ठरवणं हीसुद्धा पकडच नाही का?"

"वकिलाच्या घरी येऊन वकिली करू नकोस," मामा म्हणाले. पण खूश झाले.

आई इतका वेळ माजघराच्या दारात वाती वळत बसली होती. ती मध्येच म्हणाली, "दादा, मांजर पिल्लं घरोघर हलवते. एखादं मागच्या घरी विसरली तर?"

मामलेदारांनी चष्मा पुसला. मामांनी "चहा आणा रे" म्हणून आत हाक मारली. मला आईचा राग आला, आणि त्याच क्षणी तिची फार कीवही आली. इतके दिवस ती देवीला घाबरते असं मी समजत होते. तिला धास्ती होती ती स्वतःच्या विसरण्याची, मला न सोडवताच गाव सोडल्याची.

कल्याण

आईला पाड्याचा रस्ता आठवत होता तो पाण्याचा, कल्याणच्या बंदरातून होडीने जायचा. म्हणून आधी कल्याण. स्टेशनाबाहेर टांगा केला. टांगेवाल्याने खणा-नारळाची पिशवी पायाशी नीट ठेवली, तरी पहिल्याच खड्ड्यात नारळ उडाला आणि गडगडत एका भुशाच्या पोत्यांच्या दुकानात शिरला. आईचा चेहरा पडला. टांगेवाला उतरून नारळ घेऊन आला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाला, "पानी हाय आतमदी. काय नाय जालं, आजी." एवढ्यावर आई सावरली. माझ्या सात युक्तिवादांनी सावरली नसती.

बाजार मोठा आहे. तांदळाची वखार लागली की मागोमाग दुसरी तांदळाचीच. आमच्याकडे ज्वारीच्या कोठारात शिरलं की धूळ नाकात जाते, इथे तांदळाचा गोडसर वास. आईला खणासोबत द्यायला तांदूळ हवे होते. "सोडवायला ज्वारी चालायची नाही," ती म्हणाली, "जिथला देव तिथलं धान्य." व्यवहारात ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

ओहोटी लागल्याशिवाय होडी सुटत नाही असं कळलं. मग बंदराजवळच्या एका झाडाच्या पारावर बसलो. शेजारी जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी बाई पापडांची टोपली घेऊन बसली होती. पन्नाशीची असावी, सलवार-कुडता, डोकं ओढणीने झाकलेलं. तिने आम्हाला एकेक पापड मोडून चाखायला दिला. मिऱ्यांचा झणका एवढा, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचं मोडकंतोडकं हिंदी आणि तिचं मोडकंतोडकं हिंदी यांचं छान जमलं. तिचं घर फार लांब, सिंधू नदीच्या काठच्या गावी होतं. दारात लिंबाचं झाड होतं. फाळणीत ते सगळं तिकडे राहिलं.

मला माझा प्रश्न गप्प बसू देईना. मी विचारलं, "इतकं सगळं सोडून आलात, मनाला कसं समजावलंत? देवाची मर्जी म्हणून?"

"छोडा नहीं, बेटी," ती म्हणाली. "छूट गया. छोडने को तो किसी ने पूछा ही नहीं."

मला ओशाळल्यासारखं झालं. दोन शब्दांत एवढासा फरक, आणि मी शाळेत शिकवणारी बाई तो चुकले होते. हातातून काढून घेतलेल्या गोष्टीला समर्पण म्हणणं म्हणजे त्या माणसाची थट्टाच की. मी पापड घेतले. तिने एक जास्त घातला, आणि आईच्या हातावर हात ठेवून माझ्या गळ्याकडे बोट दाखवत विचारलं, "लड़की बीमार है?" आई नुसती मान हलवत राहिली.

डोंबिवलीच्या खाडीकाठी

होडी रेती वाहणारी होती, आम्हाला कडेला बसवलं. दोन्ही तीरांना गवत, पलीकडे डोंगर, आणि मध्येमध्ये मिठागरं. मी मिठागर कधी पाहिलं नव्हतं. पाटीवर चौकोन आखावेत तसे वाफे, त्यांत खाडीचं पाणी, आणि कडेला पांढऱ्या मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. नावाड्याला विचारलं, मीठ कसं करतात. तो म्हणाला, "करत नाय, व्हतं. आमी पानी घेताव, मंग ऊन हाय, वारा हाय." नंतर कळलं की बांध घालणं, वाफे चोपणं, फावड्याने ओढणं यात माणसाची कंबर मोडते. तरी क्रियापद मात्र त्याने 'होतं' हेच वापरलं.

पाड्याच्या अलीकडेच पाणी आटलं आणि होडी गाळात बसली. "आथा उतरा," नावाडी शांतपणे म्हणाला. आईला त्याने आणि त्याच्या भावाने पाटावर बसवून उचलून नेलं. ती देवीच्या पालखीसारखी गेली. मी ऐट करून स्वतः उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय निघाला, पण डावी चप्पल खाडीने ठेवून घेतली. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वाईच्या हायस्कुलातल्या गणिताच्या बाई एका पायात चप्पल, लुगड्याला कमरेपर्यंत चिखल, अशा देवीच्या दारी पोचल्या.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहू नका असं त्यांनीच सांगितलं, "उगाच लोक यतील." मूळ शेतकरी आणि मिठागरावर राबणारी माणसं. भात निघून गेलेल्या शेतांत आता वाल लावले होते. देऊळ म्हणजे वडाखाली कौलांचं छप्पर, आत शेंदूर लावलेली शिळा, तिला हिरवं लुगडं. देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या एका घरातल्या सुना करतात. आता ती पूजा जानकीबायकडे आहे. मला ओटीत घातलं तेव्हा तिची सासू करायची, आणि जानकीबाय नवी सून म्हणून बाजूला उभी होती. आता तिचे केस पांढरे, कासोटा घट्ट, आवाज खणखणीत.

आईने नाव सांगितलं, रेल्वेतलं बिऱ्हाड सांगितलं. जानकीबायने डोळे बारीक केले, मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"आयली गो बाय!" ती ओरडली. "रेल्वेवाल्या बामनाची! केवरी रडली व्हतीस तू! देवीचं लुगरं भिजवलंस!"

ज्या गोष्टीला मी आजवर आईची समजूत समजत होते, ती एका बाईला रडण्याच्या आवाजासकट आठवत होती.

आम्ही ब्राह्मणाच्या बायका तिच्या हातचं जेवणार नाही हे तिने आपणच ओळखलं. चूल सारवून घेतली आणि मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा पानावर ओतल्या, खारट, धुरकट, गरम. मी आईकडे पाहिलं. आईने क्षणभर विचार करून निवाडा दिला, "सालीच्या आतलं आहे, चालतं." आणि तिने माझ्याहून जास्त खाल्ल्या.

मग तिने हात धुतले, खण, नारळ आणि तांदळाचं सूप पुढे ठेवलं, आणि निघाल्यापासून घोकलेलं वाक्य बोलली. "पोर सोडवायला आले आहे."

"सोडवाला?" जानकीबाय म्हणाली. "बांधली कवा व्हती?"

आईला वाटलं ती नाकारते आहे. तिचा धीरच सुटला. "असं करू नको ग," ती म्हणाली. "माझी चूक झाली. तुझ्या सासूने विचारलं होतं, पोर टाकलीस का? आणि मी माझ्या तोंडाने म्हटलं, टाकली. अगं, वेळच तशी होती, मी काहीही म्हटलं असतं. पण आईने असं म्हणायचं असतं का? तिला पाजताना, न्हाऊ घालताना, शाळेत पाठवताना, सारखं मला तेच ऐकू यायचं. टाकली, टाकली."

हे आईने मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

जानकीबायच्या लक्षात आलं आणि ती खो खो हसत सुटली. "अगो माझे बाय! टाकली म्हंजे ओटीन टाकली! चायेन साकर टाकताव, तशी! आमच्यान ठेवाला टाकनं म्हंतान. तुमच्यान टाकनं म्हंजे फेकनं काय?"

आमच्याकडे टाकलेली बाई म्हणजे नवऱ्याने हाकललेली, टाकलेलं पोर म्हणजे उकिरड्यावरचं. वाई आणि ही खाडी यांच्या मध्ये एक शब्द कलंडला होता आणि आई जवळजवळ माझ्या वयाएवढी वर्षं त्याच्याखाली बसून होती. मलाही हसू फुटलं. पण आई हसली नाही. ती संतापली.

"हसू नको," ती म्हणाली. "माझी तीन गेली होती."

जानकीबाय हसायची थांबली. ती आईच्या समोर मांडी घालून बसली. "माजी दोन गेली," ती म्हणाली. "दोनी टाकली व्हती. हितंच."

"देवीच्या ओटीत? तरी गेली?"

"तरी गेली."

"मग तिने सांभाळली नाहीत!"

"नाय."

"आणि तू रोज तिच्यापुढे दिवा लावतेस?"

जानकीबायने शेंगांची सालं गोळा करून पानात गुंडाळली. मग म्हणाली, "गेली तवा तिच्याच ओटीन व्हती ना, बाय. माज्या हातानशी सुटून खाली परली नाय. मी येकटीच आयस असते, त मी जगले नसते." मग ती सुपाकडे बोट करून म्हणाली, "ह्ये तांदूल घे आनि ने पोरीला, मी नाय बोलनार नाय. पन नेऊन ठेवशील खय? दागदर कापल तवा तुज्या ओटीन थोरीच कापनार हाय?"

मामांच्या गुरुवारच्या मंडळीत मी लगेच हात वर करून काहीतरी विचारलं असतं. इथे मला एकही प्रश्न सुचला नाही. देवीने मूल जगवलं म्हणून नमस्कार, हे मला समजतं. त्याला मी सौदा म्हणत आले आहे. पण इथे सौद्यात काहीच मिळालं नव्हतं, आणि ही बाई तरी लुगडं बदलत होती, दिवा लावत होती. त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईने शिळेकडे पाहिलं. सुपातले तांदूळ तिने एकदा मुठीत घेतले आणि परत सुपात सोडले. मग मला म्हणाली, "इकडे ये."

मी जवळ गेले. तिने माझा खांदा दाबून मला उंबऱ्याशी बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून शिळेच्या हिरव्या लुगड्यावर टेकवलं, आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "टाकली."

जानकीबाय म्हणाली, "बरा जाला."

आईने माझ्या डोक्यावरचे हात काढून घेतले. तिने ते कुठे ठेवले मला दिसलं नाही. मला एवढंच कळलं की ते नाहीत, आणि त्या क्षणी मला भीती वाटली. वाईपासून इथवर मला गाठीची भीती एकदाही वाटली नव्हती. मी त्याला माझा समंजसपणा समजत होते. माझ्या वाटची भीती आई बाळगून होती, म्हणून मला चेष्टा सुचत होती. तिने ती खाली ठेवली आणि ती सरळ माझ्यापाशी आली. सुरी, गळा, उघड्या तोंडावर धरलेलं भुलीच्या औषधाचं फडकं, सगळं एकदम दिसलं. मला मरायचं नव्हतं. हे मी कुणालाच, स्वतःलाही, म्हटलं नव्हतं. त्या लुगड्यात तोंड खुपसून मी रडले, आणि मोठ्याने रडले.

कुणी मला गप्प केलं नाही.

रडून झाल्यावर मी तोंड पुसलं. काय मागावं ते कळेना. वाचव म्हणावं, तर समोर बसलेल्या बाईची दोन वाचली नव्हती. तुझी मर्जी म्हणावं, तर ते माझ्या तोंडी खोटं होतं. बाहेर नावाडी हाका मारत होता, भरतीचं पाणी चढत होतं. आई उठून उभी राहिली होती आणि तिने माझ्याकडे हात पुढे केला नव्हता. तशीच, मोकळी, वडाखाली वाट बघत होती.

मी एका चपलेनिशी उठले, देवीकडे पाहिलं, आणि घरातून निघताना आपण थोरांना सांगतो तेवढंच म्हटलं.

"येते."